तांबडा गहू

नेत्राने बाटली आणली कॅन्ससहून,
टॉवेलमध्ये मोजा, मोज्यात ती.
लेबलावर शाईने काढलेली गव्हाची लोंबी,
खाली बनवणाऱ्याची सही, न लागणारी,
आणि हाताने घातलेला आकडा : एकशे बारा.
"मामा, छोटी भट्टी आहे. तिघंच माणसं.
नुसत्या गव्हाची काढतात."

नुसत्या गव्हाची.
आरोंद्यात गहू म्हणजे पाहुणा.
जावई आला तर चपाती, ताप आला तर लापशी,
एरवी भात, आणि भाकरी तीही तांदळाची.
त्याची कुणी दारू काढील
हे इनासला सांगायलाच हवं होतं.

इनास होडीने आला.
त्याची भट्टी तेरेखोलच्या त्या काठाला,
तिथे हुर्राकला लायसन मिळतं.
या काठाला पोलीस मिळतो.
माडाच्या आळ्याशी दोन खुर्च्या, एक स्टूल.
काजूला नुकता मोहोर, बोंडू दोन महिने लांब,
म्हणजे इनासचे हात रिकामे
आणि नाक भुकेलं.

आधी प्याला नाहीच.
बाटली उपडी केली, सुलटी केली,
गळ्याशी चढणारे मोती बघत राहिला
ते फुटेपर्यंत.
थेंब तळहातावर घेतला, दुसऱ्या तळहाताने चोळला,
आणि ओंजळीत तोंड घालून बसला
चर्चमध्ये बसतो तसा.

"पाव," म्हणाला. "काल भाजलेलो."
मग बऱ्याच वेळाने, "गूळ. पण गूळ न्हय.
लाकूड आसा ह्येच्यात. खयचा?"
ओक, नेत्रा म्हणाली. आतून जाळलेलं पिंप.
ओक आम्ही दोघांनी पाहिलेला नाही.
आईन म्हटलं, फणस म्हटलं,
किंजळीवर येऊन थांबलो.

मग मी घोट घेतला.
हुर्राक बांधावरूनच हाक मारतो,
वाडीभर कळतं कोण प्यालाय.
ही चपला बाहेर काढून आली,
जिभेवर बसली,
उठायची घाई नाही.
घशाखाली ऊब, चुलीपासून दोन हात लांब बसल्यासारखी,
आणि शेवटी, अगदी शेवटी,
एक कोरडा, पोत्याचा वास.

सहासष्ट साल. बाबांचं रेशनचं दुकान.
सावंतवाडीहून ट्रक, ट्रकमधून पोती,
पोत्यांत अमेरिकेचा तांबडा गहू.
गावात चक्की नव्हती,
जात्यावर बायकांचे दंड भरून येत.
आईने त्याची पेज करून पाहिली,
दाणे ताटलीत डोळे वटारून बसले.
लोक बाबांवर चिडत, जणू त्यांनीच पेरलेला.
गुरांचा खाणा म्हणत
आणि पिशवी पुढे करत.
दलियाच्या पिशवीची आईने मला चड्डी शिवली :
दोन देशांचं हस्तांदोलन
माझ्या बुडावर
साऱ्या शाळेने पाहिलं.

नेत्राला चड्डीचं सांगितलं. खूप हसली.
गुरांच्या खाण्याचं नाही सांगितलं.
बाटलीची किंमतही विचारली नाही.
गव्हाची, किलोची,
मला अजून पाठ आहे.

इनासने चमचाभर पाणी घातलं,
डोळे मिटून दुसरा घोट घेतला.
कशी?
"ही बोलणा नाय," तो म्हणाला. "आयकता."

खाडीला भरती लागली तेव्हा
तीन बोटं उरली होती.
त्याने बूच लावलं, अंगठ्याने दाबलं.
"ऱ्हवांदे. मार्चात हुर्राक येतलो,
तेव्हा दोघांका शेजारी बसवया."
होडीत एक पाय टाकून परत वळला
आणि विचारलं,
संपल्यावर बाटली कुणाला लागणार आहे का.