कडी ते कडी

शिरोलीच्या शेडमध्ये दुपारी तीनला
चार टनांचा प्रेसचा बेड पडून होता,
बिडाचा, राखाडी, खाचांत अजून साच्याची वाळू.
ट्रेलरवाला तिसऱ्यांदा चहा पिऊन आला.

हूक वर जाऊन जाऊन जातो किती?
पत्र्याला वीतभर उरते.
लांब स्लिंग लावले तर बेड ट्रेलरच्या फळीवरून जाईना,
म्हणून खवरेसाहेब म्हणाले, आखूड लावा.
सव्वा मीटरचे दोन पट्टे. तीन टनी.
"दोघं मिळून सहा होतात की. वजन चार."

दस्तगीरचाचा काही बोलले नाहीत.
खिशातून सुतळी काढली,
बेडच्या एका कडीपासून दुसऱ्या कडीपर्यंत धरली,
दातांनी गाठ मारली,
मग तीच पट्ट्याला लावून पाहिली.
पट्टा कुठच्या कुठं संपला.
"कडी ते कडी जेवढं, पट्टा तेवढा तरी पायजे.
न्हाईतर माझा हात वर हुणार न्हाई."
तिन्ही बाजू सारख्या, म्हणजे साठ अंश.
चाचांनी अंश कधी मोजला नाही.
क्रेनवाला मात्र त्यांच्याच हाताकडे बघतो,
आणि त्या हाताला करंगळी नाही.

मी पॉलिटेक्निकची, इथं महिन्याभराची,
हेल्मेटचा पट्टा अजून हनुवटीला टोचतो.
वही नव्हती, बिडावरच खडूनं मांडलं:
कड्यांत अंतर दोन मीटर, अर्धं एक,
सव्वाच्या पट्ट्याला उंची मिळते पाऊण.
पाऊण भागिले सव्वा, शून्य पूर्णांक सहा.
दोन टनांना त्यानं भागलं:
तीन टन तीनशे तेहतीस किलो.
एका पट्ट्यावर.
दुसऱ्यावरही तेवढंच.

साहेब खडूकडे बघत राहिले.
"चाराचे साडेसहाच्या वर गेले?
वरचं वजन काय तू घातलंस?"
मी कोन म्हणाले, त्यांनी घड्याळ बघितलं.

मग चाचाच बोलले.
"सायब, माझी शमीम गोधडी वाळत घालायची.
मी दोरी तारंगत ताणली हुती, वाजायची.
वली गोधडी टाकली, आन् खिळाच आला भितीतनं.
दुसऱ्या दिशी तिनं झोळ सोडून बांधली.
तीच दोरी, तीच गोधडी, सात वर्सं टिकली.
नुस्तं वजन तोडत न्हाई, आडवं ताणलेलं तोडतंय.
दोन पट्टं एकमेकाला वडत बसत्यात,
बीड बापडं मधी लोंबतंय."

"पट्टे पाचपटीनं बनवतात, मलाही कळतं," साहेब म्हणाले.
"ते पाचपट ठेवलंय झटक्याला.
क्रेनवाल्याच्या शिंकेला.
तुमच्या घाईला न्हवं."

क्रेनवाला केबिनमधून हसला, मग गप्प झाला.

उद्यमनगरात फोन गेला.
टेम्पो तावडे हॉटेलजवळ उसाच्या ट्रॉल्यांत अडकला,
ट्रेलरवाल्यानं थांबल्याचे पैसे मागितले,
साहेबांनी त्याला नाही, मला बघून शिवी गिळली.
सात वाजता तुळई आली:
मधोमध एक कडी, टोकांना दोन,
खाली हातभर साखळ्या, सरळ उभ्या.
दोन आणि दोन. चार.
बालवाडीतलं गणित, त्यासाठी चार तास.

चाचांचा चार बोटांचा हात वर झाला.
बेड वीतभर उठला, थांबला,
मोटरच्या बाजूनं जरासा कलला.
खाली.
तुळई चार बोटं सरकवली.
पुन्हा वर, आणि या वेळी
त्यावर ठेवलेला चहाचा ग्लासही हलला नसता
असा तो अंधारात बाहेर गेला.

मी खडू पुसायला धावले तोवर
ताडपत्री अर्धी ओढली होती.
ट्रेलरवाल्यानं टॉर्च मारून विचारलं,
हे काय लिहिलंय?
हिशेब, म्हटलं.
कशाचा?
जे उचललं नाही त्याचा.

चाचा सुतळीची गाठ सोडवत बसले होते.
दातांनी मारलेली, सुटता सुटेना.