गुळगुळीत, वि.

तुर्भ्याला, टाइल्सच्या दुकानात,
मी कॅटलॉगचं मराठी करते.
छेडाशेठ विचारतात, ग्लॉसीला काय लिहिलंस?
गुळगुळीत.
जरा भारी शब्द नाही का?
आहेत की. तलम, पण ते कापडाला.
तुकतुकीत, ती कातडी, नाहीतर वांगं.
तुळतुळीत म्हटलं तर गिऱ्हाइकाला टक्कल दिसेल,
बुळबुळीत म्हटलं तर दिवाळ्याच्या बाजारातला ओला बोंबील.
मग राहू दे गुळगुळीत, शेठ म्हणाले,
दोनदा गूळ आहे त्यात, विकलं जाईल.

दोनदा गूळ, तरी गोड नाही.
पाम बीच रोड गुळगुळीत,
आणि गळतीचं विचारलं
की आमच्या सेक्रेटरीचं उत्तरही.
विनोद घासून घासून गुळगुळीत होतो.
आश्वासन न घासताच.

माझा बाप यल्लप्पा दिघ्याच्या खाणीत होता.
पारसिकचा डोंगर त्याने आतून पाहिलाय.
खाण बंद पडली
तेव्हा टाकी-हातोडी पिशवीत घालून
ऐरोलीच्या सेक्टरासेक्टरांतून ओरडत फिरला,
पाटाऽ वरवंटाऽ टाकीऽ लावायचीऽ
चौथ्या मजल्यावरच्या बाया पाटा खाली आणत नसत,
त्यालाच वर बोलवत.
तो पाट्यावरून तळहात फिरवायचा
डॉक्टर पोटावरून फिरवतो तसा,
म्हणायचा, नुन्न झालाय.
आमच्या वडारी बोलीत नुन्न म्हणजे गुळगुळीत.
आणि पाट्याला गुळगुळीत म्हणजे आजार.
मिरची नुसती घसरते, वाटली जात नाही.
दगडाला दात लागतात, बाई.
टिक् टिक् टिक्,
दात फुटेपर्यंत.

चौथीत समानार्थी शब्द लिहायचे होते.
गुळगुळीतपुढे मी लिहिलं: बिघडलेला.
बाईंनी शून्य दिलं.

मग घरोघर मिक्सर आले.

गेल्या वर्षी रेशनच्या दुकानात
बापाने मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा.
लेंग्याला पुसून ठेवला. लाल.
तर्जनी, मधलं बोट, मग दुसरा हात.
दुकानदार मढवी, भला माणूस, हळूच म्हणाला,
बोटं गुळगुळीत झालीत बाबा,
रेषाच नाही राहिल्या.
मागे रांग चुळबुळत होती.
बापाने अंगठा माझ्यापुढे धरला, हसला,
ह्याला लाव टाकी.

घरच्या न्हाणीतली टाइल मीच आणलेली,
दुकानात उरलेला माल, पांढरी, ग्लॉसी,
कॅटलॉगचं पान एकोणीस.
नवरात्रात दुर्गव्वा, माझी आई, तिच्यावरून घसरली.
मनगट मोडलं.
प्लास्टर आधी खरबरीत होतं, सहा आठवड्यांत
मळून मळून तेही नुन्न.
मी म्हटलं, मॅट बघते, सवलतीत मिळेल.
बाप काही बोलला नाही.

रविवारी दुपारी आवाजानेच जाग आली.
टिक् टिक् टिक्.
न्हाणीत तो उकिडवा बसलेला,
चष्म्याला दोरी बांधलेली,
एकेका फरशीवर ठिपके पेरत चाललेला,
मेथी पेरावी तसे, दाट आणि वाकडे.
दोन फरश्यांना तडा गेला.
खालचे साळगावकर वर आले, काय फोडताय?
काही नाही, आई म्हणाली, दात बसवतोय.

सोमवारी मी पान एकोणीस पुन्हा उघडलं.
गुळगुळीत, पुसायला सोपी,
आणि पुढे कंसात: कोरड्या पायांसाठी.
शेठनी कंस खोडला.
बरोबरच आहे, दुकान त्यांचं आहे.

आईचा पाय आता न्हाणीत ठरतो.
ठिपक्यांत साबणाचा मळ बसतो,
तो ती जुन्या टूथब्रशने काढते
धडक्या हाताने,
आणि काढताना शिव्या घालते
टाइलला, बापाला, मला,
ह्याच क्रमाने.