आक्षेप क्रमांक सात

दिल्लीहून सुटलेला पैसा
मुंबईत मुक्काम करतो, पुण्यात सही घेतो,
नागाळा पार्कात एका टेबलावर पेंगतो
आणि करवीर तालुक्यातल्या या शाळेत उतरतो
तेव्हा मार्चची सत्तावीस तारीख असते.
चार दिवसांत खर्च, नाहीतर परत.

त्याच्या मागावर मी. दोन वर्षांनी.
पैसा केंद्राचा, नजर राज्याची, पेन लाल.

मगदूम बाईंनी कपाट उघडलं.
पत्र्यावर कमरेच्या उंचीला तपकिरी रेघ,
नदी तिथवर येऊन गेलेली.
वरच्या कप्प्यातली सालं कोरडी.
खालच्या वह्या पावासारख्या फुगलेल्या,
पान उलटलं की गाळाची पूड माझ्या मांडीवर.
'वाळवून दगडाखाली ठेवल्या होत्या सर.
इस्त्रीपण फिरवली. घरची.'
इस्त्रीच्या विजेचा खर्च कुठंच टाकलेला नव्हता.
मी शोधला.

खडू, बस्करं, चुना, नळाची तोटी,
आग विझवायच्या नळकांड्याचं भरण,
सगळ्याला शीर्ष, सगळ्याला बिल;
बिलं छापील, पण अक्षरं पाण्यानं नेलेली.
मग एका ओळीत, बाईंच्या गोल अक्षरात:
साप. रुपये तीनशे चाळीस.

'साप खरेदी केला?'
मी थट्टा करत नव्हतो. तपासणीची भाषाच तशी.
'घालवला. पूर ओसरला तेव्हा,
दुसरीच्या वर्गात, तांदळाच्या पोत्यांमागं. घोणस.
तीनशे दगडू हुजऱ्याचे, चाळीस त्याच्या पेट्रोलचे.'
'पावती?'

पावती होती.
वहीच्या कागदावर एक अंगठा,
पुरानंतरचा, म्हणून ठसठशीत;
रेघा मोजता याव्यात इतका.
दुकानांचे शिक्के वाहून गेले होते
आणि दगडूचा अंगठा जागेवर होता.

माझ्या पुस्तिकेत कीटकनाशक आहे.
किरकोळ दुरुस्ती आहे, स्वच्छता आहे.
आपत्ती आहे, पण ती दुसऱ्या खात्याची.
सरपटणाऱ्या प्राण्याला शीर्ष नाही.

चहा आला. नाकारला, नियम आहे.
पाणी घेतलं.
खिडकीत दोन डोकी उगवली.
'ह्ये सायब कशाला आल्यात रं?'
'पैसं मोजाय.'
'मग घिऊन आल्यात का?'
बाईंनी डोळे वटारले, डोकी बुडाली.

इथं एक सांगायला हवं.
मागच्या आठवड्यात, दुसऱ्या जिल्ह्यात,
दोन दिवसांचं प्रशिक्षण, एसी हॉल, जेवण,
एकोणीस लाख काही हजार.
बिलं करकरीत, शिक्के गोल, सह्या तीन.
हजेरीपटावर सगळ्यांचं अक्षर एकाच वळणाचं.
दिसलं होतं मला.
कागद कोरडे होते.
मी खाली बरोबरची खूण केली
आणि गाडी लागली म्हणून उठलो.

आक्षेप क्रमांक सात:
अनुज्ञेय नसलेला खर्च. वसूलपात्र.
लिहिताना पेन अडखळलं म्हणेन,
तर ते खोटं होईल. सरळ चाललं.

बाईंनी वाचलं. चष्मा काढला.
पर्स उघडून तीन शंभराच्या, दोन विसाच्या
टेबलावर ठेवल्या, एकेक, पसरून,
पहिलीच्या पोरांना शिकवतात तशा.
'पावती द्या सर.'

माझ्याकडे पावतीपुस्तक नसतं.
मी पैसे घेत नाही, मी फक्त लिहितो.
चलन भरा, बँक, मग पोच...
मी बोलत राहिलो.
बाई थांबून होत्या.
मग वहीचा एक कागद त्यांनी रेघेवर फाडला
आणि शाईचा पॅड माझ्याकडे सरकवला.

कागद मिळाले, पाहिले, असं मी लिहिलं.
खाली सही केली. पॅडला हात लावला नाही.
तो कागद त्यांनी चारी बाजूंनी घडी केला
आणि कपाटात ठेवला,
रेघेच्या वर.