तिसरा रकाना

मिरजेच्या मिशन दवाखान्यात
आमच्या वर्गाला कागद मिळतात, तीन रकान्यांचे.
पहिल्यात रुग्ण काय म्हणाला,
दुसऱ्यात मी काय म्हणाले,
तिसऱ्यात, आत काय झालं.
माझा तिसरा बहुतेक कोराच.

वॉर्ड चार, खाट अकरा.
सातगोंडा पाटील, म्हैसाळचे.
साखरेनं पाय काळा पडलाय,
उद्या गुडघ्याखालून काढणार.
"बाई, नाव काय तुमचं?"
"एस्तेर."
"ते झालं. आडनाव?"
"वायदंडे."
मग त्यांनी पाण्याचं भांडं
उशीपलीकडं सरकवलं,
हळू, मला दिसू नये इतकं हळू.
"करा प्रार्थना. तिथूनच करा."
मी तिथूनच केली.

हिवाळे सरांनी लाल पेनानं गोल काढला:
इथं काहीतरी गिळलंस. काय?

त्या आठवड्यात सर शिकवत होते
समुद्रापलीकडच्या काळ्या माणसांबद्दल.
बाप्तिस्मा मिळाला, पण बाक मागचाच.
देव त्यांना मालकाकडूनच मिळाला
आणि त्याच देवापुढं त्यांनी मालकाला उभं केलं.
पुढून कुणीतरी म्हणालं,
आपल्यात असलं काही नाही, आपण ख्रिस्तात एक.
मागच्या बाकावर अमोस खोकला,
जरा जास्तच वेळ.

माझा आजा ह्याच दवाखान्यात
मयताची गाडी ढकलायचा, एकोणतीस वर्षं.
म्हणायचा, बरं हाय पोरी,
हे पाव्हणं आडनाव इचारत न्हाईत.
कॅलेंडरातल्या निळ्या डोळ्यांच्या येशूला
तो 'सायेब' म्हणायचा.
खिळ्यांवरच्याला 'आपला'.

रात्री लिहिलं तिसऱ्यात:
भांडं सरकलं तेव्हा वाटलं,
ह्यांचा पाय दुखावा. खूप दुखावा.
मग आठवलं, तो तर उद्या नसणारच.
सर वाचून म्हणाले,
नसलेला पायही दुखतो, वर्षानुवर्षं.
म्हटलं, माहीत आहे सर.
सगळे म्हणतात ते आता राहिलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढली,
खाटेला टेकेपर्यंत.
त्यांनी विचारायच्या आत म्हणाले,
"वायदंडे."
ते पंख्याकडं बघत राहिले.
पांघरूण एका बाजूला सपाट.
बराच वेळ गेला.
मग म्हणाले, "तहान लागलीय."
कुणाला म्हणाले, कळलं नाही.
वॉर्डबॉय दारात नव्हता.
भांडं माझ्या हाताच्या अंतरावर होतं.

मी लगेच उठले नाही.
हे कुठल्या रकान्यात लिहू, सर?