चेष्टा

पुण्याचे पाहुणे आले की हमखास हसतात
कलेक्टर कचेरीजवळची पाटी वाचून: शिक्षा विभाग.
"म्हणजे शिक्षेचं वेगळं खातंच आहे तुमच्याकडे?"
मीही हसतो. इंदूरच्या मराठी माणसाला
हा विनोद जपून ठेवावा लागतो,
पाहुण्यांसाठीच्या कपबशीसारखा.

दुसऱ्या शब्दाबद्दल मी कुणाला सांगितलेलं नाही.

एकतीस वर्षं जिल्हा न्यायालयात जबान्या टाइप केल्या.
साक्षीदार बोलायचा, साहेब हिंदीत सांगायचे,
मी बोटांनी ऐकायचो.

मल्हारगंजात शेवेची भट्टी.
परबत मालवीय, वय एकवीस, झाऱ्यावर काम.
मालकाच्या भाच्याला म्हणाला, "डाल दूँ तेरे माथे पे?"
आणि कढई कलंडली.
पोरगा वाचला. पाठ नाही वाचली.
हेही सांगायला हवं, कारण त्याची आई
प्रत्येक तारखेला मागच्या बाकावर बसायची
हातात मलमाची ट्यूब धरून,
आणि तिचं काहीच चुकत नव्हतं.

बचावाची साक्षीदार एकच,
समोरच्या जिन्यावर गहू निवडत बसलेल्या द्वारकाबाई मुंगी.
हिंदी बोलायच्या, पण घाबरल्या की
मराठीत घसरायच्या.
"अहो, तो तर चेष्टा करत होता."

साहेब मान वर न करता म्हणाले, लिखो:
वह तो चेष्टा कर रहा था.

मी लिहिलं.
काना, मात्रा, जोडाक्षर, काही बदललं नाही.
द्वारकाबाईंच्या तोंडून निघाली तेव्हा ती मस्करी होती,
टेबल ओलांडेपर्यंत
तिचा प्रयत्न झाला होता.

मग नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. मीच.
त्या शब्दाशी आलो तशा द्वारकाबाई
जोरजोरात मान हलवू लागल्या:
हो, हो, अगदी हेच.
सही केली, चष्मा कपाळावर ढकलून, सावकाश.
वर माझी नेहमीची ओळ:
पढ़कर सुनाया, समझाया, सही होना स्वीकार किया.

त्या खोलीत दोन्ही चेष्टा ऐकू आल्या
अशी दोन कानं होती. माझी.
सरकारनं दिलेला वकील पुढच्या केसचा कागद शोधत होता.
टाइपिस्टनं मध्ये बोलायचं नसतं, हे खरं.
पण मी गप्प बसलो ते त्यासाठी नाही.
दीड वाजत आला होता, डब्यात भरली वांगी होती,
आणि वाटलं, कळेल की त्यांना संदर्भावरून.

निकालही माझ्याच मशीनवर आला. परिच्छेद बावीस:
स्वयं बचाव साक्षी ने माना है
कि अभियुक्त चेष्टा कर रहा था.
सात वर्षं.
कार्बनच्या तीन प्रती. तिसरी फिकट,
तरी तो शब्द वाचता येत होता.

कदाचित त्यानं खरंच ओतलं असेल.
मला ठाऊक नाही. भट्टीपाशी मी नव्हतो.
मी शब्दापाशी होतो.

चार-पाच वर्षांनी सियागंजात चहापत्ती घेताना
कुणी तरी बाही ओढली.
"ओळखलंत? मी मुंगीबाई.
त्या पोराला सोडलं ना हो?
मी अगदी स्पष्ट सांगितलं होतं."

रस्त्यात हातगाडीवाला ओरडत होता, बाजूला व्हा.
आम्ही बाजूला झालो.

"हो," मी म्हणालो. "तुमच्या साक्षीवरच झालं सगळं."

त्यांचा चेहरा असा उजळला
की मला चहाचे पैसे मोजता येईनात.
पिशवीत हात घालून त्यांनी एक पेरू काढला,
पदरानं पुसला, माझ्या हातात ठेवला.
"मीठ लावून खा," म्हणाल्या.