खो

नववा महिना.
फिजिओ टेपनं मांडी मोजते,
डावी अजून दीड सेंटिमीटर बारीक.
"एका पायावर उडी मार. आता दुसऱ्या."
फरशीवर खडूच्या दोन रेघा,
मधे वीतभर अंतर.
"हे मिटू दे, मग बोलू."

तळजाई चढताना काहीच वाटत नाही.
उतरताना मात्र
गुडघा प्रत्येक दगडाला नाव-गाव विचारतो.

संध्याकाळी सहकारनगरच्या मैदानावर
माझ्या हातात स्टॉपवॉच.
शाल्मली खांबाला वळसा घालते, सूर मारते,
आणि बाकाखाली माझा चवडा
आपोआप मातीत रुततो.

आई म्हणते, पुरे आता.
ती कधी चौरसात बसली नाही.
मी बसलेय, आठ वर्षं.
पाठीवर हात पडून
कानात खो येण्याआधी
उठलं, की फाऊल.