परत येतं का पाहू

खोकं आलं लाखांदूरच्या एसटीनं,
कंडक्टरच्या सीटखाली, कोंबड्यांच्या पाटीला टेकून.
आत काळी पेटी, आमच्या मिठाच्या डब्याएवढी,
तिला दोन खण.
दोन डिस्क वेगळ्या आल्या, कागदात गुंडाळून,
काचेच्या बांगड्या येतात तशा.

सत्तावीस वर्षांचं शूटिंग आहे माझ्याकडे.
लग्नं, बारशी, तेरव्या,
मंडईच्या रात्री, झाडीपट्टीची नाटकं
रात्री दहाला पडदा, पहाटे पाचला शेवटचा प्रवेश,
पुढच्या रांगेतली पोरं तोवर सतरंजीवर आडवी.
हे सगळं एकोणीस डिस्कांत,
चपलांच्या खोक्यांत, वर स्केचपेननं नावं.
मागच्या आषाढात त्यातली एक टिकटिकली, आणि मेली.
तिच्यात शेंड्यांचं लग्न होतं, अख्खं.
नवरदेवाचा बाप दोनदा येऊन गेला.
काही बोलला नाही. चहा प्यायला, गेला.
त्या न बोललेल्या चहापायी मी ही पेटी घेतली.

भाची साकोलीहून फोनवर सांगत होती.
"मामा, पिवळी वायर राउटरले. दिवा निळा झाला का?"
"नाही. नारिंगी."
"मंग थांबा."
थांबलो. नारिंगीतच लाइन गेली.
इन्व्हर्टरनं पेटी उचलली, म्हणून पंखा बंद केला.
कुंदा म्हणाली, मानसं भिजू द्या घामानं,
पेटीले मात्र सर्दी नको व्हाले.

एका डिस्कवर लिहिलं की दुसरीवर तेच,
त्याच क्षणी, अक्षराला अक्षर.
एक गेली तर दुसरी घर चालवते, हर्षाली म्हणाली.
"अन् घरच जळलं तं?"
"तं तिसरी प्रत माझ्या खोलीवर."
म्हणजे आता महिन्यातून एकदा
तांदळाच्या पिशवीसोबत एक डिस्क साकोलीला जाणार.
पेटीनं पासवर्ड मागितला.
तो कुंदानं लिहिला गॅसच्या पुस्तकात, शेवटच्या पानावर,
"पेटी" असं वर लिहून, खाली दोन रेघा मारून.

नऊ रात्री कॉपी चालली.
पेटी घुरघुरायची. मांजर फळीवर चढून
तिच्या उबेला निजायचं.

दहाव्या दिवशी हर्षाली म्हणाली,
"मामा, आता काहीतरी पुसा."
"का?"
"परत येते का पाहू. पुसल्याबिगर समजत नाही."

मी यादी वर केली, खाली केली.
दुसऱ्याचं कसं पुसू? मोहुर्लेंच्या आजीचा शेवटचा वाढदिवस?
नाटकातला तो राक्षस, ज्याची मिशी भर प्रवेशात निघाली?
मग बोट थांबलं आमच्याच लग्नावर.
वडशाच्या गजभियेनं काढलेलं, कॅसेटवरून उतरवलेलं.
मी तेव्हा त्याचाच लाइट धरायचो,
त्या दिवशी लाइट धरायला कोणी नव्हतं, तसंच दिसतं.
कुंदा मागे उभी. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.
मी पुसलं.

फोल्डर रिकामं.
चार मिनिटं आम्ही दोघं
लग्न न झालेल्यांसारखे बसलो, जरा अंतर ठेवून.

मग आलं. रेघांसकट, हलत्या मांडवासकट.
मध्ये वीज जाते तिथे अकरा मिनिटांचा अंधार आहे,
गजभिये कॅमेरा बंद करायचा विसरला होता.
मी नेहमी तो पळवायचो. आज पळवला नाही.
"मॅचिस कोनाजवळ हाये?"
"अगे बाई, पाय तुडवला माया!"
आणि माइकच्या अगदी जवळ कोणीतरी हसलं,
मोकळं, पोटातून, थांबेना.
"ही कोण? तुझी बहीण?"
"मी," कुंदा म्हणाली.
"अंधारात कोन पाह्यते म्हून हासली."

हर्षाली फोनवर विचारत होती, आलं का, मामा, पूर्ण आलं का?
अंधारालाही जागा लागते, तिनं सांगितलं होतं,
दोन्ही डिस्कांवर सारखीच.
मी म्हटलं, आलं.
कुंदानं उठून पंखा लावला.